विचार-कृती अनिवार्यता विकृतीचे निदान आणि वर्गीकरण : एक चिकित्सक विचार

सारांश

विचार-कृती अनिवार्यता विकृती ही गेल्या पावणेदोनशे वर्षांत मनोविकारशास्त्राच्या निरनिराळ्या दालनांत ठेवली गेली. कधी तिला वेडाचा अंशप्रकार मानले, कधी मज्जाविकृती, कधी चिंता विकृती; २०१३ नंतर तिला स्वतंत्र गट मिळाला. प्रस्तुत लेखात या स्थलांतरांची चिकित्सा केली आहे. नव्या वर्गीकरणाने काही जुन्या चुका दुरुस्त केल्या. परंतु दिसणाऱ्या पुनरावृत्तीला गटाचा आधार मानल्यामुळे या विकृतीचे खरे केंद्र, म्हणजे न शमणारी शंका आणि ती शमविण्यासाठी केलेली कृती यांचे परस्परनाते, झाकोळले जाते, असे प्रतिपादन येथे केले आहे. रूढी व विकृती यांतील सीमारेषा, मापनश्रेणींचा वापर आणि महाविद्यालयीन विद्यार्थी या तीन संदर्भांत हे प्रतिपादन तपासले आहे.

कळीचे शब्द : अनिवार्यता, शंका, मर्मदृष्टी, वर्गीकरण, सोवळे-ओवळे, मंत्रचळ

प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाकडे परीक्षेच्या पर्यवेक्षणाचे काम होते. एक विद्यार्थी तीन तासांपैकी बराच वेळ लिहिण्याऐवजी आपला आसनक्रमांक आणि प्रश्नांचे क्रमांक पुन्हा पुन्हा पडताळून पाहत होता. तो पान उलटी, परत मागे येई, एकच ओळ खोडून तशीच पुन्हा लिही. उत्तरपत्रिका अर्धीअधिक कोरी राहिली. शिक्षकांच्या खोलीत त्यावर दोन मते झाली. एक, अभ्यास झालेला नाही. दुसरे, मुलगा फार काटेकोर आहे. पुढे त्यानेच सांगितले की, ओळ वाचताना मनात एक वाईट विचार येऊन गेला तर ती ओळ 'चांगल्या' विचारासह पुन्हा वाचावी लागे, नाहीतर आईच्या जिवाला अपाय होईल असे वाटे. हे खरे नाही हेही त्याला ठाऊक होते. त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठविण्यात आले, ते या प्रसंगानंतर दोन वर्षांनी.

आळस आणि काटेकोरपणा ही दोन्ही मते चुकीची होती आणि ती देणारे सर्वजण सुशिक्षित होते. त्यांत प्रस्तुत लेखकाचाही समावेश आहे. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात या विकृतीची लक्षणे शिकविणाऱ्यालाही ती समोर असताना ओळखता आली नाही, याचे कारण काय? केवळ वैयक्तिक अनवधान असे म्हणून हा प्रश्न सोडता येत नाही. ही विकृती आपण ज्या रीतीने वर्गीकृत करतो आणि शिकवितो, त्या रीतीतच काही उणीव आहे काय, हे तपासणे आवश्यक वाटते. प्रस्तुत लेख हा त्या दिशेने केलेला एक प्रयत्न आहे.

संज्ञेचा प्रश्न

मराठीत या विकृतीला एक मान्य नाव नाही. पाठ्यपुस्तकांत 'भावातिरेकी-अनिवार्यता विकृती', 'कल्पना-क्रिया अनिवार्यता', 'विचार-कृती अनिवार्यता' असे वेगवेगळे प्रतिशब्द आढळतात. बोलीत 'ओसीडी' हे आद्याक्षरी रूप रूढ झाले आहे. जुन्या पिढीकडे मात्र यासाठी 'मंत्रचळ' हा नेमका शब्द होता. मंत्राच्या अनुष्ठानात चूक राहिली की माणूस चळतो, अशी समजूत या शब्दामागे आहे. ती समजूत शास्त्रीय नाही; पण शब्दाने एक गोष्ट अचूक पकडली आहे. चूक झाली असेल काय, ही शंका आणि म्हणून तेच पुन्हा करणे, हा या विकृतीचा गाभा 'मंत्रचळ' या शब्दात आहे. 'भावातिरेक' या शब्दात तो नाही. उलट भावनांचा अतिरेक हेच मूळ असल्याचा चुकीचा बोध त्यातून होतो.

संज्ञेचा हा घोटाळा केवळ मराठीतला नाही. जर्मन मनोविकारतज्ज्ञ कार्ल वेस्टफाल यांनी १८७७ मध्ये जी संकल्पना मांडली, तिच्यासाठीच्या जर्मन शब्दात सक्तीने येणारी कल्पना असा अर्थ होता. त्याच शब्दाचा अनुवाद इंग्लंडमध्ये एका शब्दाने आणि अमेरिकेत दुसऱ्या शब्दाने झाला व पुढे दोन्ही शब्द जोडून आजचे जोडनाव बनले, असे या विषयाचे इतिहासकार सांगतात. म्हणजे आज आपण 'विचार' आणि 'कृती' अशा ज्या दोन स्वतंत्र घटकांची बेरीज शिकवितो, त्यांच्यामागे मूळची एकच संकल्पना होती. प्रस्तुत लेखात 'विचार-कृती अनिवार्यता विकृती' (यापुढे संक्षेपाने 'अनिवार्यता विकृती') ही संज्ञा स्वीकारली आहे. मात्र त्यातील जोडचिन्ह हे बेरजेचे नसून नात्याचे आहे, असे समजावे.

वर्गीकरणाची वाटचाल

फ्रान्समधील एस्किरोल यांनी १८३८ मध्ये 'कुमारी एफ' या चौतीस वर्षांच्या स्त्रीचे वर्णन केले. पैशाच्या देवघेवीत आपल्या हातून दुसऱ्याचे नुकसान होईल या भीतीने ती ग्रासलेली होती. आपले विचार चमत्कारिक आहेत हे तिला कळत होते, तरीही ते थांबविता येत नव्हते. बुद्धी शाबूत असताना माणूस वेडा कसा म्हणावा, या पेचातून एस्किरोल यांनी तिला आंशिक वेडाच्या वर्गात बसविले. पुढे १८७५ मध्ये लग्रां द्यु सोल यांनी स्पर्शाच्या भीतीसह येणारे 'शंकेचे वेड' असे या विकृतीचे वर्णन केले. फ्रेंच परंपरेत शंका हा शब्दच निदानाच्या नावात होता, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

वेस्टफाल यांची भूमिका निराळी होती. बुद्धी शाबूत असताना, व्यक्तीच्या इच्छेविरुद्ध जाणिवेत घुसणाऱ्या आणि भावनेतून न उद्भवलेल्या कल्पना असे त्यांनी या विकृतीचे लक्षण केले. म्हणजे फ्रेंचांनी शंका व भावना यांवर, तर जर्मनांनी विचारावर भर दिला. १९०३ मध्ये पिएर जाने यांनी तिला मानसिक ऊर्जेच्या दुर्बलतेशी जोडले आणि 'अपुरेपणाच्या जाणिवेचे' मार्मिक वर्णन केले. फ्रॉइड यांनी तिला मज्जाविकृतींत महत्त्वाचे स्थान दिले. १९०९ मधील त्यांचा 'उंदीर-मनुष्य' हा रुग्णवृत्तान्त सर्वपरिचित आहे.

अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत, म्हणजे डीएसएममध्ये, या विकृतीला १९५२ मध्ये 'प्रतिक्रिया', १९६८ मध्ये 'मज्जाविकृती' आणि १९८० मध्ये 'विकृती' म्हटले गेले. १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीने कारणमीमांसा बाजूला ठेवून लक्षणांवर आधारित निकष दिले आणि तिला चिंता विकृतींच्या गटात ठेवले. १९९४ च्या चौथ्या आवृत्तीने मनातल्या मनात केलेल्या कृतींचा, उदाहरणार्थ मोजणे, जप, शब्द आठवणे यांचा, अनिवार्य कृतींत स्पष्ट समावेश केला. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत मात्र तिला चिंता विकृतींतून बाहेर काढून 'अनिवार्यता विकृती व संबंधित विकृती' असे नवे प्रकरण करण्यात आले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडीचा मार्ग थोडा वेगळा होता. दहाव्या आवृत्तीत एफ ४२ या सांकेतिक क्रमांकाखाली ही विकृती चिंता विकृतींच्या शेजारी, पण त्यांच्याहून स्वतंत्र होती आणि तिचे विचारप्रधान, कृतिप्रधान व मिश्र असे पोटप्रकार होते. मे २०१९ मध्ये स्वीकारली गेलेली आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेली अकरावी आवृत्ती डीएसएमप्रमाणेच स्वतंत्र गट करते. तिने पोटप्रकार रद्द केले, कारण बहुसंख्य रुग्णांत विचार आणि कृती दोन्ही आढळतात.

२०१३ चे स्थलांतर : लाभ आणि हानी

या स्थलांतराच्या बाजूने दिली जाणारी कारणे हलकी नाहीत. चिंता हे या विकृतीचे सार्वत्रिक लक्षण नाही. काही रुग्णांना भीतीपेक्षा किळस किंवा 'नीट झाले नाही' अशी बोचणी जाणवते. सेरोटोनिनवर कार्य करणाऱ्या औषधांची मात्रा येथे इतर चिंता विकृतींपेक्षा सामान्यतः अधिक लागते, आणि चिंता तात्पुरती शमविणाऱ्या झोपेच्या गटातील औषधांचा मूळ विकृतीवर विशेष उपयोग होत नाही. मेंदूतील कपाळामागील भाग आणि खोलवरची केंद्रके यांना जोडणाऱ्या वलयांचा सहभागही वारंवार दिसून आला आहे.

असे असले तरी हा निर्णय केवळ पुराव्याने झाला असे म्हणणे धाडसाचे ठरेल. डेव्हिड माते-कोल्स व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये या विषयातील तज्ज्ञांची मते अजमावली. तेव्हा सुमारे ६० टक्के तज्ज्ञ स्थलांतराच्या बाजूचे होते. परंतु मनोविकारतज्ज्ञांत हे प्रमाण सुमारे ७५ टक्के, तर इतर व्यावसायिकांत ४० ते ४५ टक्केच होते. औषधे देणाऱ्याला एक साम्य दिसते आणि वर्तनोपचार करणाऱ्याला दुसरे. वर्गीकरण हे निसर्गात आयते सापडत नाही. कोणते साम्य महत्त्वाचे मानायचे, या निवडीतून ते घडते. ही निवड कोणी केली हे विचारण्याचा अधिकार अभ्यासकाला आहे.

नव्या गटात कोण कोण आले ते पाहावे. शरीरात काल्पनिक व्यंग दिसण्याची विकृती, वस्तू साठवून ठेवण्याची विकृती, केस उपटण्याची विकृती आणि त्वचा टोकरण्याची विकृती. यांना एकत्र आणणारे बाह्य साम्य म्हणजे पुनरावृत्ती. पण पुनरावृत्ती कशासाठी, हा प्रश्न विचारला की गट उसवू लागतो. केस उपटणारी व्यक्ती अनेकदा नकळत, कंटाळ्यात वा ताणात ती कृती करते आणि कृतीतून तिला क्षणिक समाधानही मिळते. त्यामागे टाळावयाचा अनर्थ नसतो, पडताळून पाहावयाची शंका नसते. कुलूप वीस वेळा ओढून पाहणाऱ्याला त्या कृतीत सुख नसते. एक भयंकर शक्यता नाकारण्याचा तो केविलवाणा प्रयत्न असतो. उपचारही याची साक्ष देतात. अनिवार्यता विकृतीत भीतीला सामोरे जाऊन कृती रोखण्याची पद्धत, जिचा पाया व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये घातला, परिणामकारक ठरते. केस उपटण्यावर मात्र सवय मोडण्याचे प्रशिक्षण उपयोगी पडते आणि सेरोटोनिनवरील औषधांचा लाभ अत्यल्प दिसतो. दिसायला सारख्या, पण कार्याने भिन्न अशा वर्तनांना एका छपराखाली आणण्याचा हा परिणाम आहे.

येथे एक आक्षेप येऊ शकतो. प्रकरणाचे शीर्षक काहीही असो, निकष तर स्वतंत्र आहेत. मग बिघडले कुठे? निकषांपुरते हे खरे आहे. परंतु निकष थोडेच लोक वाचतात, शीर्षक मात्र सर्वांपर्यंत पोचते. वर्गात, पाठ्यपुस्तकात आणि वृत्तपत्रात शीर्षकच झिरपते. 'पुन्हा पुन्हा करणे म्हणजे ओसीडी' हे सूत्र आज विद्यार्थ्यांच्या तोंडी आहे. वह्या रंगवार लावणारी मुलगी स्वतःला हसत 'मी ओसीडी आहे' म्हणते आणि त्याच बाकावर मनातल्या मनात प्रार्थना दुरुस्त करीत बसलेला मुलगा कोणालाही दिसत नाही.

निदानाचे तीन अवघड निकष

निकषांच्या तपशिलात शिरले असता तीन ठिकाणी अडचण जाणवते.

पहिला निकष काळाचा. विचार आणि कृती यांत दिवसाकाठी एक तासाहून अधिक वेळ जाणे, किंवा त्यामुळे लक्षणीय क्लेश वा कार्यबाधा होणे, ही उंबरठ्याची खूण आहे. उंबरठ्याची गरज निर्विवाद आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय पाहणीच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात आयुष्यात केव्हातरी ही विकृती जडलेल्यांचे प्रमाण २.३ टक्के आढळले. पण केव्हातरी अनिवार्य विचार वा कृती अनुभवल्याचे सांगणारे एकचतुर्थांशाहून अधिक होते. १३ देशांतील ७७७ विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर सुमारे ९४ टक्के विद्यार्थ्यांनी मागील तीन महिन्यांत किमान एक नकोसा, घुसखोर विचार आल्याचे सांगितले. विचार येणे ही विकृती नव्हे, हे यातून स्पष्ट होते. परंतु तासाचा हिशेब दिसणाऱ्या कृतीचाच सहज होतो. टाळण्यात गेलेला काळ, म्हणजे स्वयंपाकघरातली सुरी हातात न घेणे किंवा तान्ह्या भाच्याला उचलून न घेणे, हा घड्याळात मोजता येत नाही. पूर्ण टाळाटाळ करणाऱ्याचा एक तासही भरत नाही आणि तरीही त्याचे आयुष्य अर्धे झालेले असते. 'क्लेश किंवा कार्यबाधा' हा पर्याय अशांसाठीच निकषात आहे. पण शिकविताना तो गाळला जातो आणि तासच लक्षात राहतो.

दुसरा निकष मर्मदृष्टीचा, म्हणजे आपल्या शंकेच्या खरेखोटेपणाविषयी व्यक्तीला असलेल्या जाणिवेचा. डीएसएमच्या चौथ्या आवृत्तीत प्रौढ व्यक्तीला आपले विचार वा कृती अवाजवी असल्याची जाणीव केव्हातरी झालेली असणे अपेक्षित होते. पाचव्या आवृत्तीने ही अट काढली आणि मर्मदृष्टी चांगली, कमी, किंवा अजिबात नसलेली अशा पायऱ्या केल्या. आयसीडीच्या अकराव्या आवृत्तीतही अशीच विभागणी आहे. हा बदल स्वागतार्ह आहे. एकाच व्यक्तीची जाणीव सकाळी आणि रात्री सारखी नसते. दवाखान्यातील खुर्चीवर बसून 'हे निरर्थक आहे' म्हणणारी बाई घरी नळाखाली उभी असताना तसे म्हणू शकत नाही. जुन्या अटीमुळे दृढ समजूत असलेले काही रुग्ण सरळ भ्रमाच्या आजारात ढकलले जाण्याचा धोका होता. तो आता कमी झाला आहे. मात्र मर्मदृष्टीची नोंद एकदाच, पहिल्या भेटीत करून थांबणे योग्य नव्हे.

तिसरा निकष अदृश्य कृतींचा. मनातल्या कृती १९९४ पासून निकषांत आहेत. तरीही विचारले जाणारे प्रश्न बव्हंशी हात, कुलूप आणि गॅस यांच्याभोवतीच फिरतात. ज्याच्या मनात देवाविषयी अभद्र शब्द, जवळच्या माणसाला इजा करण्याचे चित्र किंवा निषिद्ध लैंगिक कल्पना येते, तो ते आपण होऊन सांगत नाही. आपण मुळात दुष्ट आहोत, असे त्याला वाटत असते. ऐकणारा अप्रशिक्षित असेल तर त्यालाही तसेच वाटण्याचा संभव असतो. येथे चुकीच्या निदानाची किंमत मोठी आहे. आपल्या विचाराने भयभीत होणारा माणूस आणि तो विचार अमलात आणू पाहणारा माणूस यांत मूलभूत फरक आहे. पहिल्याला धोकादायक ठरविणे म्हणजे त्याच्या शंकेवर अधिकृत शिक्का मारणे होय. पॉल साल्कोव्हस्किस यांनी १९८५ मध्ये दाखविल्याप्रमाणे, विचारापेक्षा त्या विचाराला दिलेला जबाबदारीचा अर्थ रुग्णाला अधिक छळतो.

या तिन्ही अडचणींचे मूळ एकच आहे. आपण वेळ, समजूत आणि वर्तन वेगवेगळे मोजतो. शंका आणि कृती यांना बांधणारी गाठ मात्र मोजत नाही. ही गाठ कशी घट्ट होते, याचे उत्तम दर्शन मार्सेल व्हान डेन हाउट आणि मेरेल किंट यांच्या २००३ मधील प्रयोगात घडते. सामान्य व्यक्तींना संगणकावरील गॅसची शेगडी पुन्हा पुन्हा तपासण्यास सांगितले असता त्यांची स्मरणाची अचूकता फारशी घटली नाही. पण स्मरणावरचा विश्वास, स्पष्टता आणि सजीवता मात्र घटली. आपण 'खातरजमा' म्हणतो ती जितकी अधिक करावी तितकी खातर कमी होत जाते. हे चक्र हेच निदानाचे केंद्र असावयास हवे.

रूढी आणि विकृती

आपल्या समाजात निदान करताना सर्वांत नाजूक प्रश्न उद्भवतो तो शुद्धाशुद्धतेचा. सोवळे नेसून स्वयंपाक करणारी, बाहेरून आल्यावर पाय धुतल्याखेरीज घरात न येणारी, कोणी शिवल्यास पुन्हा स्नान करणारी आजी मराठी घरांना अपरिचित नाही. ती रुग्ण होती काय? बंगालीत 'शुचिबाई' हा शब्द अशाच वागण्यासाठी आहे आणि १९७५ मध्ये अजिता चक्रवर्ती व जी. बॅनर्जी यांनी बंगाली संस्कृतीच्या संदर्भात कर्मकांड, ही संस्कृतिविशिष्ट मज्जाविकृती आणि अनिवार्यता यांचा एकत्र विचार केला होता.

केवळ वर्तनाचे प्रमाण पाहिले तर या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. आशय पाहिला तरी मिळत नाही. रुग्ण आपल्या शंकेचा आशय भोवतालच्या संस्कृतीतूनच उचलतो. नाते पाहिले तर मात्र उत्तराची दिशा सापडते. सोवळ्याच्या नियमाला शेवट असतो. स्नान झाले, धूतवस्त्र नेसले, पूजा आटोपली, की सोवळे संपते. चूक झाली तर प्रायश्चित्ताची सोय असते आणि ते घेतल्यावर विषय मिटतो. नियम सामायिक असतो. 'पुरे' म्हणण्याचा अधिकार परंपरेकडे, वडीलधाऱ्यांकडे, पुरोहिताकडे असतो. अनिवार्यता विकृतीत 'पुरे' म्हणणारे कोणी नसते. पुरोहिताने सांगितले तरी, 'मी त्यांना सर्व नीट सांगितले ना?' अशी नवी शंका उभी राहते. रूढी पाळणारा नियमाने निश्चिंत होतो; रुग्ण त्याच नियमाने अधिक अस्वस्थ होतो. म्हणून 'किती वेळा धुता?' यापेक्षा 'धुणे केव्हा आणि कशाने थांबते?' हा प्रश्न निदानाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे.

याची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. विटाळ आणि शिवाशिव यांच्या नावाखाली दलितांवर आणि स्त्रियांवर जे लादले गेले, त्याला मनोविकृती म्हणणे चुकीचे आहे. तो सामाजिक अन्याय होता आणि अन्यायाला आजाराचे नाव दिले की उत्तरदायित्व संपते. उलट, प्रत्येक धार्मिक आचाराकडे संशयाने पाहणेही गैर आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याच्या कलम ३ मध्ये, समाजातील प्रचलित नैतिक, सांस्कृतिक मूल्यांशी वा धार्मिक श्रद्धांशी न जुळणे हा मानसिक आजार ठरविण्याचा आधार असू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. त्याच कलमात निदानासाठी राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त वैद्यकीय मानकांचा, त्यांत आयसीडीच्या अद्ययावत आवृत्तीचा, उल्लेख आहे. म्हणजे वर्गीकरणाचा प्रश्न आपल्याकडे केवळ शैक्षणिक राहिलेला नाही. त्याला कायद्याचे परिमाण आहे.

मापन आणि प्रमाणपत्र

वेन गुडमन व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेली येल-ब्राउन श्रेणी या क्षेत्रात सर्वमान्य आहे. दहा प्रश्न, प्रत्येकी शून्य ते चार गुण, एकूण चाळीस. सामान्यतः १६ ते २३ गुण मध्यम, २४ ते ३१ तीव्र मानले जातात. ही श्रेणी विचाराचा आशय बाजूला ठेवून त्याने व्यापलेला वेळ, बाधा, क्लेश, प्रतिकार आणि नियंत्रण मोजते, ही तिची मोठी गुणवत्ता होय. परंतु ती तीव्रता मोजण्याचे साधन आहे, निदान करण्याचे नव्हे. अनेक विद्यार्थी-प्रकल्पांत ही श्रेणी प्रश्नावलीसारखी वर्गात वाटून, १६ च्या वर गुण मिळविणाऱ्यांना 'विकृतिग्रस्त' ठरविलेले दिसते. मुलाखतीविना दिलेला असा निकाल शास्त्रीय दृष्ट्या असमर्थनीय आणि नैतिक दृष्ट्या आक्षेपार्ह आहे.

भारतातील प्रमाणाविषयी, बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांतील तत्कालीन प्रमाण सुमारे ०.८ टक्के आढळले. या सर्वेक्षणातील १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, हे आपल्या संशोधकांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. शिवाय घरोघर जाऊन थोडक्या प्रश्नांवर घेतलेल्या मुलाखतीत लाजेने दडविलेले विचार किती उघड होतात, ही मर्यादा कोणत्याही सर्वेक्षणाला लागू पडते.

निदानाचा व्यावहारिक परिणाम प्रमाणपत्रापाशी दिसतो. भारतीय मनोविकार संस्थेने २००२ मध्ये तयार केलेल्या अपंगत्व-मूल्यांकन श्रेणीत अनिवार्यता विकृतीचा समावेश होता. स्वतःची काळजी, परस्परसंबंध, संवाद व आकलन आणि काम या चार क्षेत्रांतील अडचणींबरोबर आजाराचा कालावधीही त्यात विचारात घेतला जातो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ अन्वये अनेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट आहे. परीक्षेत अर्धी उत्तरपत्रिका कोरी ठेवणारा विद्यार्थी घरी जेवतो, बोलतो, मित्रांत मिसळतो. त्याची अडचण एका ठरावीक कामात एकवटलेली असते. चार क्षेत्रांच्या बेरजेत ती विरळ होऊन जाते. परिणामी त्याला निदान मिळते, पण आधार मिळत नाही.

महाविद्यालयीन अध्यापनासाठी काही सूचना

ही विकृती पुष्कळदा किशोरवयात किंवा तारुण्याच्या आरंभी सुरू होते. म्हणजे ती आपल्या वर्गांत सुरू होते. प्राध्यापकाने निदान करावे अशी अपेक्षा नाही आणि तसे त्याने करूही नये. मात्र विषय शिकविताना पुढील बदल सहज शक्य आहेत.

एक, लक्षणांची यादी पाठ करून घेण्याऐवजी शंका-कृती-क्षणिक सुटका-अधिक शंका हे चक्र उदाहरणासह शिकवावे. दोन, धुणे व तपासणे या ठरीव उदाहरणांबरोबर मनातल्या कृतींचे किमान एक उदाहरण अवश्य द्यावे. तीन, अनिवार्यता विकृती आणि काटेकोर व्यक्तिमत्त्वाची विकृती यांतील भेद स्पष्ट करावा. पहिलीतील व्यक्तीला आपले विचार परके आणि जाचक वाटतात, दुसरीतील व्यक्तीला आपली शिस्त योग्यच वाटते. चार, 'ओसीडी' हा शब्द थट्टेत वापरणे टाळावे, कारण थट्टेच्या वर्गात रुग्ण बोलत नाही. पाच, मदत मागणाऱ्या विद्यार्थ्याला 'तसे काही होणार नाही' असे वारंवार आश्वासन देणे ही माणुसकी वाटली तरी तेही खातरजमेच्या चक्रात ओढले जाते; एकदा नीट ऐकून योग्य तज्ज्ञाकडे पाठविणे अधिक हिताचे ठरते.

निष्कर्ष

वर उल्लेखिलेल्या स्थलांतरांतून प्रत्येक काळाने अनिवार्यता विकृतीचा एकेक पैलू उचलला. फ्रेंचांनी शंका, जर्मनांनी विचार, १९८० च्या पुस्तिकेने चिंता आणि २०१३ च्या पुस्तिकेने पुनरावृत्ती. यांपैकी कोणताही पैलू खोटा नाही. परंतु पुनरावृत्ती हा सर्वांत दृश्य आणि म्हणून सर्वांत फसवा पैलू आहे. मर्मदृष्टीची अट शिथिल करणे आणि मनातल्या कृतींना मान्यता देणे ही नव्या निकषांची खरी प्रगती होय. ती टिकवून, 'कृती कशासाठी होते आणि कशाने थांबते' हा प्रश्न निदानाच्या मध्यभागी आणणे, ही पुढील पायरी असावी असे प्रस्तुत लेखकास वाटते.

आरंभी उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याला आम्ही तेव्हा हा प्रश्न विचारला नाही. 'तू पुन्हा पुन्हा का वाचतोस?' एवढे एकाने विचारले असते, तर दोन वर्षे वाचली असती. निकषपुस्तिका कितीही सुधारल्या तरी हा प्रश्न विचारण्याचे काम पुस्तिका करणार नाही. ते वर्गात उभ्या असलेल्या माणसालाच करावे लागेल.